मित्रा, स्वल्पविरामाचं भांडण राहिलंच

मित्रा,

स्वल्पविरामाचं प्रकरण अजून माझ्या जेवणाच्या टेबलावर पडून आहे. तू खोडलेलं, मी परत लिहिलेलं, तू परत खोडलेलं. आज रविवार. सकाळी फाटकाची कडी वाजल्यासारखं वाटलं म्हणून उठून बाहेर गेले, तर पेपरवाला होता. तू गेल्याला दोन आठवडे होत आले, तरी रविवारी सकाळी मी चहाचं आधण दोघींचंच ठेवते. मग उरलेला चहा दुपारी गरम करून पिते.

भेटायला येणारे सगळे तुझ्याविषयी एकच सांगतात. संघमित्रा किती शांत, किती समंजस, कुणाला उलटून बोलली नाही. मी ऐकून घेते. मनात म्हणते, ही कुठली संघमित्रा? मला भेटलेली तर नववीतल्या पहिल्या महिन्यापासून माझ्याशी वाद घालत होती.

तुला आठवतं का ते, मला माहीत नाही. आपण कधी त्याविषयी बोललो नाही. बालाघाटच्या मुलींच्या शाळेत मी तुम्हाला इंग्रजी शिकवत होते. मध्य प्रदेश म्हणून वर्ग हिंदीतून चालायचा, पण तुझ्या घरची भाषा मराठी आणि माझीही मराठी, म्हणून मधल्या सुट्टीत तू शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिलीस. त्या दिवशी मी ‘ही गोज’ आणि ‘दे गो’ शिकवलं होतं.

“मॅडम, एकटा माणूस जाते तं त्याले एस लागते. लय जन जातेत तं त्याईले काहून नाही लागत? लय जनाईले जास्त पाहिजे ना?”

मी नाशिककडची. लग्न होऊन इथं येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तुमच्या बोलीला, बायकांनीही ‘मी करतो’ म्हणण्याला, माझा कान बसला नव्हता. मी म्हटलं, “‘काहून’ नाही, ‘का’ म्हणावं.”

“का नाही लागत?”

“नियम आहे तसा.”

“नियम कोनं केला?”

तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले. पण त्या वर्षी सहामाहीला ‘ही गो’ असं न लिहिलेली वर्गातली बहुतेक तू एकटीच होतीस. प्रश्न विचारून झाल्यावर तू नियम पाळायचीस. न विचारता मात्र कधीच पाळला नाहीस.

पुढं तू इंग्रजी घेऊन एम.ए. केलंस, बी.एड. केलंस, आणि लालबर्ऱ्याच्या शाळेत लागलीस तेव्हा पेढे घेऊन आलीस. “जय भीम मॅडम, आता मी बी नियम सांगनार,” म्हणालीस. मी तोवर निवृत्त झाले होते. यांचं जाणंही त्याच सुमाराचं. घरात कुणी मोठ्यानं बोलणारं उरलं नव्हतं. मुलगा लांब, फोनवर माझ्या प्रत्येक वाक्याला ‘हो आई’ म्हणणारा. अशात तू दर रविवारी यायला लागलीस आणि माझ्या प्रत्येक वाक्याला ‘पण मॅडम’ म्हणायला लागलीस.

पहिलं मोठं भांडण झालं ते तुझ्या शिकवण्याच्या पद्धतीवरून. तू सहज सांगितलंस की वर्गात तू काळ शिकवतेस ते घरच्या बोलीतून. पुस्तकी हिंदीतून नाही आणि इंग्रजीतूनही नाही.

“मॅडम, ‘जाऊन राह्यलो’ म्हटलं का ‘आय ॲम गोइंग’ आलंच ना! ‘गेलतो’ म्हटलं का ‘आय हॅड गॉन’. आपल्या पोट्ट्याईच्या तोंडात हे सारं आधीच आहे. मी फक्त दाखोतो का बाबू, हे तुले येते.”

मी चहाचा कप खाली ठेवला होता. मला ते धोक्याचं वाटलं, आणि तुला सांगते, थोडं अजूनही वाटतं. मी म्हटलं, “तुझी पोरं मग ‘काल मी वारासिवनीले गेलतो’ याचं ‘यस्टरडे आय हॅड गॉन टू वारासिवनी’ करणार. चूक. तिथं ‘आय वेंट’ हवं. आणि ‘मले समजून राह्यलं’ याचं काय करणार? ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’? तेही चूक.”

तू हसलीस. “करतेत ना. रोज करतेत.”

“मग?”

“मग या ना एकदा. पाहा.”

मी आले. सिवनी रोडच्या बसनं, हिवाळ्याच्या सकाळी, अंगावर शाल घेऊन. तुझ्या दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. पोरं सारखी वळून बघत होती. तू त्यांना सांगितलंस, “ह्या माझ्या मॅडम. चुकलं तं ह्या मले मारतीन, तुमाले नाही.” सगळा वर्ग खुश.

तू फळ्यावर ‘हॅड’ लिहिलंस आणि म्हणालीस, “हा एकटा येत नाही. ह्याले सोबत लागते. मी वारासिवनीले गेलतो, मंग काय झालं? तवा घरी कोन आलतं? दुसरी गोष्ट सांगशीन तं हॅड आण. दुसरी गोष्ट नाही, तं साधं वेंट.” एक मुलगा उठून म्हणाला, “मी बाजारात गेलतो, तवा घरी मामा येऊन गेला.” त्याचं तू त्याच्याकडूनच इंग्रजी करून घेतलंस. ‘व्हेन मामा केम, आय हॅड गॉन टू द मार्केट.’ मामाला अंकल करायची गरज नाही, असंही त्याला सांगितलंस. मी मागं बसून मान हलवली नाही, पण हलवावीशी वाटली होती.

मग आलं ‘राह्यलो’. तू म्हणालीस, ज्या कामात हात, पाय, तोंड, काहीतरी हलते, त्यालेच आयएनजी. ओळखणं, माहीत असणं, पाहिजे असणं, हे आतल्या आत असते, त्याले नाही. मी मनात म्हटलं, ठीक आहे, चालेल. तर खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली.

“मॅडम, झोपल्यावर तं काहीच नाही हलत. तरी ‘ही इज स्लीपिंग’ बरोबर आहे. पुस्तकात आहे.”

तू माझ्याकडं पाहिलंस. “सांगा मॅडम.”

मी आयुष्यभर अशा क्रियापदांची यादी पाठ करून घेत आले होते. का, ते कुणी विचारलं नव्हतं. तू खडू टेबलावर ठेवलास. मग त्या मुलीला म्हणालीस, “तुझा भाऊ झोपला आहे. तू त्याले म्हटलं, झोपू नको, थांबव. तं तो काय करते?”

“उठते. शिव्या देते.”

“बरं. आता त्याले म्हण, मले ओळखू नको, थांबव.”

ती मुलगी विचार करत राहिली. मग म्हणाली, “ते कसं थांबवन तो? ओळखते तं ओळखते.”

“मंग झालं. जे थांब म्हटल्यावर थांबते, त्याले आयएनजी. जे थांबत नाही, त्याले नाही.”

ते तुला तिथं उभ्याउभ्या सुचलं होतं. परतीच्या बसमध्ये मी मला ठाऊक असलेली सगळी क्रियापदं त्या कसोटीला लावून पाहिली. एकदोन निसटली, पण बाकीची बसली. घरी आल्यावर तुला फोन केला आणि निसटलेली तेवढी सांगितली. बसलेली नाही सांगितली. तू म्हणालीस, “हौ मॅडम, त्याईचं पाहू.” तुझ्या आवाजात नाराजी नव्हती. मला मात्र फोन ठेवल्यावर वाटलं, आधी बसलेली सांगायला हवी होती.

त्यानंतर पालकांची कुरकुर सुरू झाली. मुलं घरी जाऊन सांगू लागली की इंग्रजीच्या तासाला मॅडम आपल्यासारखं बोलतात. काही पालक मुख्याध्यापकांकडं गेले. मुख्याध्यापक तसा भला माणूस, पण घाबरट. त्यानं सभा बोलावली आणि तुला सांगितलं की पालकांचं समाधान झालं नाही तर दहावीचं इंग्रजी दुसऱ्या कुणाकडं द्यावं लागेल. तू मला म्हणालीस, “या तुमी. माझ्या बाजूनं नका बोलू, जे वाटते ते बोला.” दुसऱ्या कुणी मला असं बोलावलं नसतं.

त्या सभेतली एक बाई मला विसरता येत नाही. शेतावरून तशीच आलेली, पदर कमरेला खोचलेला. ती रागावलेली नव्हती. नीट समजावून सांगत होती.

“मॅडम, आमी जे बोलतो ते पोरीनं बोलू नये म्हणून तं शाळेत टाकलं तिले. तुमी तेच शिकवून राह्यल्या तं आमी घरी फुकटात शिकवतोच ना.”

लोक हसले. तू नाही हसलीस. तू खाली जाऊन तिच्याजवळ बसलीस.

“काकू, मी तिले ते शिकवत नाही. ते तुमी शिकवलं. चांगलं शिकवलं. मी त्याच्यावरून पुढं नेऊन राह्यली. तिले तुमच्या बोलीत कोनतं काम झालं, कोनतं चालू आहे, कोनतं व्हाचं आहे, सारं बरोबर सांगता येते. इंग्रजीत बी तेच सांगाचं असते.”

“आन् नापास झाली तं?”

“तं मले बोला. तिले नका बोलू.”

मग मुख्याध्यापकांनी मला बोलायला सांगितलं. मी खरं तेच म्हणाले. म्हणाले की हिची पद्धत मला पूर्ण पटत नाही, हिची मुलं काही चुका अशा करतात ज्या माझ्या मुली करत नव्हत्या. पण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली निबंधाच्या प्रश्नाला पान कोरं सोडायच्या. हिच्या वर्गात मी बसले त्या दिवशी कोरं पान पाहिलं नाही. चुकलेलं पान दुरुस्त करता येतं, कोऱ्या पानाचं काय करायचं ते मला कधी कळलं नाही. सहामाहीपर्यंत थांबा.

सहामाही झाली. चमत्कार काही झाला नाही. काही पोरं नापास झाली, तशी दर वर्षी होतात. पण सगळ्यांनी लिहिलं होतं. त्या काकूंच्या मुलीनं धान कापणीवर दीड पान लिहिलं होतं. एकही पूर्णविराम नाही, सगळं ‘अँड’नं जोडलेलं, पण काळ एकही चुकलेला नाही. तू ते पान माझ्याकडं घेऊन आलीस आणि अभिमानानं टेबलावर ठेवलंस. मी म्हटलं, “पूर्णविराम कुठं आहेत?” तू म्हणालीस, “आता तेच. आता विरामचिन्हं.”

तिथून आपल्या पुस्तिकेचा विचार निघाला. लिहिणाऱ्या मुलांसाठी, फार जाड नाही, नेहमीच्या चुका आणि साधी उत्तरं. काळ तू लिहिलास. आर्टिकल्स मी. ‘इट्स’मधला ॲपॉस्ट्रॉफी कधी द्यायचा आणि कधी नाही, ते आपण दोघींनी मिळून, न भांडता, एका बैठकीत लिहिलं. आपल्या इतक्या रविवारांत तेवढा एकच शांततेत गेला असेल. प्रश्नार्थक वाक्यांत ‘डिड यू वेंट’ का होत नाही, यावर तू लिहिलंस की डिडनं भूतकाळाचं ओझं घेतलं, आता वेंटनं परत कशाला उचलायचं. मी ते वाचून फक्त बरोबरची खूण केली. त्या खुणेवर तू बोट ठेवून म्हणालीस, “ही जपून ठेवतो मी.” चेष्टाच होती.

मग स्वल्पविराम.

मी आयुष्यभर मुलींना सांगत आले की वाक्य मोठ्यानं वाचा, जिथं श्वास घ्यावासा वाटेल तिथं स्वल्पविराम द्या. तू ते वाक्य आडवं खोडलंस.

“मॅडम, माझी आई लग्नातली गोष्ट सांगते तं मांडवापासून पंगतीवरी श्वास नाही घेत. तिनं इंग्रजी लिहिलं तं एक बी कॉमा येनार नाही. आन् माझ्या वर्गात एक दम्याचा पोट्टा आहे. त्यानं काय दर शब्दाले कॉमा द्याचा?”

मला हसू आलं, म्हणून अधिक राग आला. तू म्हणत होतीस की श्वासाचा संबंध नाही, वाक्याच्या हाडांचा आहे. ‘आय वेंट टू वारासिवनी’ एक पूर्ण वाक्य. ‘आय बॉट अ बुक’ दुसरं. दोन्ही आपापल्या पायावर उभी असली तर नुसता स्वल्पविराम त्यांना धरून ठेवू शकत नाही. मध्ये ‘अँड’ आण, नाहीतर पूर्णविराम दे. हे बरोबर आहे. मला ते कधीच चूक वाटलं नाही. पण मी म्हणत होते की जो मुलगा आपलं वाक्य कानानं ऐकत नाही, त्याला हाडं मोजायला लावून काय उपयोग? आधी ऐकायला शिकव. नियम पाठ असलेली आणि एक वाक्य धड न लिहिणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. घरच्या बोलीवर विश्वास ठेवणारी तू, आणि इथं मात्र कानावर विश्वास ठेवायला तयार नाहीस, हे मला कळेना. मी तसं म्हटलंही. तू म्हणालीस, “याच्यावर इचार करतो. पण खोडलेलं खोडलेलंच राहीन.”

पावसाळा संपता संपता तुला कावीळ झाली. आधी ताप म्हणून अंगावर काढलीस, परीक्षेचे पेपर तपासत राहिलीस. मग तुझ्या नवऱ्यानं गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला. मी फोन केला तेव्हा तुझा आवाज खोल गेला होता.

“मॅडम, इचार केला. कानाचं तुमचं थोडंसं बरोबर आहे. थोडंसंच.”

“ते राहू दे. आधी बरी हो.”

“हौ. मंग सांगतो किती थोडं.”

ते सांगायचं राहिलं. मला ते हवं होतं, मित्रा. मी बरोबर होते म्हणून नव्हे. तू त्या अवस्थेत, सलाईन लागलेली असताना, माझ्या म्हणण्याचा विचार करत पडली होतीस, त्याचं पुढं काय झालं ते मला ऐकायचं होतं. इथं सगळे माझ्या वयाला मान देतात. मी काही म्हटलं की मान डोलावतात आणि विसरून जातात. तू माझं वाक्य घरी घेऊन जायचीस, आठवडाभर बरोबर बाळगायचीस आणि रविवारी परत आणून माझ्यासमोर ठेवायचीस, खोडून का होईना. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात तशी बोलण्याची पद्धत नव्हती.

तुझ्या घरी बुद्धवंदना झाली त्या दिवशी मी आले होते. माणसं निघून गेल्यावर तुझ्या आईनं मला आत बोलावलं. त्या खाटेवर बसल्या होत्या, मला शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, “मॅडमबाई, एक इचारू? मित्रा तुमच्याशी लय भांडे म्हणते जावईबापू. खरं हाय काय?”

मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. मी सांगायला लागले की तसं काही नाही, अभ्यासाचं असायचं, व्याकरणाचं.

“नाही वो, तसं नाही म्हनत मी. घरी ते कोनाशीच नाही भांडली कधी. लहानपनी बी नाही. सासरी बी नाही. जे म्हटलं ते हौ. मले लय वाटे, हिच्या मनात काही येत नसन काय? येत असन तं जाते कुठं?” त्यांनी माझा हात धरला. “मंग तुमच्याकडं येत होतं म्हना सारं. बरं झालं. कुठंतरी येत होतं.”

मी तिथं रडले. इतके दिवस रडले नव्हते.

मुख्याध्यापकांचा फोन परवा आला. नवी शिक्षिका मिळेपर्यंत दहावीचं इंग्रजी घ्याल का, म्हणाले. मी काल गेले. तुझी खुर्ची मुलांनी पुसून ठेवली होती. मी बसले नाही, उभीच राहिले. पोरं इतकी शांत होती की बाहेर सिवनीकडं जाणाऱ्या ट्रकचे आवाज येत होते. मी इंग्रजीतून सुरुवात केली, मग हिंदीतून. विचारलं की मॅडमनी कुठपर्यंत शिकवलं, तर सगळ्यांच्या माना खाली.

मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तुमच्या बोलीत बोलायला गेले. इतकी वर्षं इथं राहून मी ती कधी तोंडानं बोलले नव्हते. म्हटलं, “आता नव्या मॅडम येईपर्यंत मीच येऊन राह्यले.”

मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “राह्यली.”

“काय?”

“मॅडम, ‘राह्यले’ नाही. ‘राह्यली’. तुमी बाईमाणूस आहा ना. बाई म्हनते तं ‘मी येऊन राह्यली’.”

“काहून?” मी विचारलं.

आणि तुझा वर्ग हसला, मित्रा. आधी एक मुलगी, मग सगळे. मग चारपाच जण एकदम उठून मला समजावून सांगायला लागले.